अठरा नंबरची दाढ

सांगलीच्या विश्रामबागेतला एक दातांचा दवाखाना, सकाळचे साडेअकरा. तासगावकडचे एक द्राक्षबागाईतदार आजोबा, मुलाकडं अमेरिकेत काही महिने राहून नुकतेच परतलेले, खुर्चीकडं जायच्या आधीच सदऱ्याच्या खिशातून चौपदरी घडीचा कागद काढतात. तिकडच्या डेंटिस्टनं दिलेला प्रिंटआउट. त्यावर एकच कामाची ओळ: दात क्रमांक १८, रूट कॅनल आणि क्राउन. शेजारी डी-३३३० आणि डी-२७४० असे दोन कोड, आणि त्यापुढं डॉलरमधला आकडा. तो आकडा बघूनच मुलानं वडिलांना गोळ्यांची पाकिटं देऊन विमानात बसवलेलं. काउंटरवरची मुलगी हाताला झटपट. नवं सॉफ्टवेअर येऊन तीन आठवडे झालेले, आता तिची बोटं न बघता चालतात. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, दातांच्या नकाशात १८ वर टिचकी मारली, यादीतून रूट कॅनल निवडलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातली अक्कलदाढ लाल झाली. पेशंटची वरची, उजवी, सगळ्यात मागची. आजोबांनी चष्मा सावरून पडद्याकडं बघितलं, तोंडात बोट घातलं नि म्हणाले, "आगं पोरी, ती तर कवाच काढून टाकलीया. ह्ये हितं, खाली, डाव्या अंगाला ठणकतंय."

मुलगी ओशाळली. चूक तिची नव्हती. अमेरिकेतल्या डेंटिस्टचीही नव्हती. आणि सॉफ्टवेअरनं तर तोंडात नसलेल्या दाढेवर रूट कॅनल लावून घेतलं नि हूं की चूं केलं नाही.

अमेरिकेत दात सरळ १ ते ३२ मोजतात. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात, वरच्या वर डावीकडं १६ पर्यंत जायचं, मग खाली उतरायचं, खालची डावी अक्कलदाढ १७, आणि तिथून उलट्या वाटेनं उजवीकडं ३२. त्या हिशेबात १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. आपल्याकडं चालते ती एफडीआयची, म्हणजे दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेची, दोन आकडी पद्धत. पहिला आकडा तोंडाचा कोणता पाव हिस्सा ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. म्हणून हा आकडा 'अठरा' असा वाचायचाच नसतो, 'एक-आठ' असा वाचायचा. पहिला हिस्सा, आठवा दात. आजोबांची ठणकणारी दाढ या पद्धतीत तीन-सात. आता कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर एक गमतीचा हिशेब निघतो. ११ ते १८, २१ ते २८, आणि ३१, ३२ एवढे आकडे दोन्ही पद्धतींत चालतात. मोजले तर बरोबर अठरा भरतात. आणि या अठरांपैकी एकही आकडा दोन्हीकडं एकच दात सांगत नाही. बाकीच्या आकड्यांना चूक पकडली जाते. आजोबांची दुखरी दाढ एक घर पुढची असती, तर अमेरिकेच्या कागदावर १९ लिहून आलं असतं, आणि आपल्या पद्धतीत १९ नावाचा दातच नसल्यामुळं सॉफ्टवेअरनं तिथंच नकार दिला असता. या अठरा आकड्यांना मात्र ते निमूट मान डोलावतं.

जुन्या डॉक्टरांची तिसरीच पद्धत होती, आणि ती अजून कित्येकांच्या हाताला आहे. व्हिएन्नाच्या झिगमोंडीनं १८६१ मध्ये काढलेली फुली. अधिकाच्या चिन्हासारख्या दोन रेघा, चार खोल्या, आणि ज्या खोलीत दात त्या खोलीत १ ते ८ पैकी आकडा. कागदावर ही पद्धत इतकी देखणी, की पेनाच्या दोन फटक्यांत अख्खं तोंड उभं राहतं. घोळ होतो तो टंकताना. कीबोर्डवर ती फुली नाही, कोपऱ्याची रेघ नाही. मग जुने केस पेपर कॉम्प्युटरवर चढवणारा मुलगा नुसता ८ टाकून मोकळा होतो. खोली हरवली की आठवर चार दाढा हक्क सांगायला येतात. डाव्या-उजव्याचंही तसंच. नकाशा डॉक्टर समोरून बघतोय अशा बेतानं काढलेला असतो, म्हणजे पेशंटची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडं. नवी असिस्टंट पहिला आठवडाभर तिथं चुकतेच. ती चुकणार हे धरून चालावं आणि पडद्याच्या दोन्ही कडांना ठळक 'उजवी' आणि 'डावी' अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. चिठ्ठीला खर्च नाही आणि ती वीज गेली तरी दिसते.

केस पेपरचा तो वासही आता दुर्मिळ होत चाललाय. पिवळसर जाड कागद, एका कोपऱ्यात टाचणीचा गंज, लवंगतेलाचा डाग, आणि स्टेपल केलेल्या इवल्याशा पाकिटात एक्स-रेची फिल्म. फिल्मच्या कोपऱ्यात एक उठावाचा ठिपका असायचा. उंचवटा आपल्याकडं धरला की डावं-उजवं ठरायचं, अंधाऱ्या खोलीतसुद्धा बोटाला कळायचं. फिल्म पक्की करायचं रसायन, फिक्सर, नीट धुतलं गेलं नसेल तर चार-पाच वर्षांत फिल्म तपकिरी पडायची, आणि दाढेची मुळं चहाच्या डागात बुडाल्यासारखी दिसायची. आता सेन्सर आला. चित्र दोन सेकंदात पडद्यावर, धुणं नाही, वास नाही. मग कुणीतरी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पुढं पाठवतं. वाटेत चित्र दाबलं जातं, नाव गळतं, तारीख गळते, आणि फोटो चुकून आरशासारखा उलटा झाला तर ओळखायला ठिपका नाही. डायकॉम नावाचा जो प्रकार आहे, त्यात चित्राच्या पोटातच नाव, तारीख, बाजू शिवलेली असते. नुसती जेपीजी म्हणजे पाकिटाबाहेर पडलेली फिल्म.

आणि सांगलीत कागदाबद्दल बोलायचं तर नदीबद्दल बोलावंच लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडं तळमजले पाण्यात. ज्यांचे दवाखाने खाली होते, त्यांची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन गेलं ते दिसलं, विम्याच्या फॉर्मवर त्याला रकाना होता. कपाटातल्या केस पेपरला रकाना नव्हता. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडतच नाहीत, कागद फुगून आतून घट्ट बसलेले असतात. जोर लावून काढलं तर गठ्ठ्याची वीट हातात येते. बॉलपेनची शाई थोडीफार टिकते, शाईपेनचं निळं पाणी होऊन जातं. गच्चीवर एकेक पान वाळत घातलं की त्यावर नदीच्या गाळाची बारीक भुकटी उरते नि खाली कुठंतरी एका फुलीची एकच रेघ. आजोबांची अक्कलदाढ कधी काढली, कुणी काढली, मूळ आत राहिलं होतं का, हे सगळं अशाच एका गठ्ठ्यात गेलं. दवाखाना सध्याच्या डॉक्टरांच्या वडिलांचा, तेव्हा नदीजवळ होता. विश्रामबागेत तो पुरानंतर आला.

त्यामुळं इथं बॅकअप म्हणजे काय हे कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. तरीही चुका होतात, आणि ठरावीक होतात. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली असते. किंवा ती चोवीस तास कॉम्प्युटरला जोडलेली असते, म्हणजे खंडणीचा व्हायरस आला की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम कुलूपबंद. जाणकारांचा जुना ठोकताळा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. सांगलीत त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ 'उंचावर' असा घ्यावा. दुसऱ्या मजल्यावर, मिरजेच्या बाजूला, नाहीतर क्लाउडवर. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष उघडून बघावी. पाच पेशंट काढावेत, त्यांचे एक्स-रे उघडतात का पाहावं. रोज रात्री 'बॅकअप यशस्वी' असा हिरवा संदेश येत असतो नि फाइल मात्र शून्य केबीची निघते, किंवा केस पेपर सगळे येतात आणि एक्स-रे येत नाहीत. ते नेहमी दुसऱ्याच फोल्डरमध्ये असतात, सेन्सरच्या कंपनीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणि तो बॅकअपमध्ये घ्यायचा राहून गेलेला असतो.

आता 'प्रमाणित' या शब्दाकडं येऊ. सॉफ्टवेअर विकायला येणारा प्रत्येक जण तो उच्चारतो, आणि ऐकणारा भारावतो. या शब्दाला वजन आलं ते अमेरिकेत. तिथं २००९ मध्ये हायटेक कायदा झाला आणि प्रमाणित इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वापरणाऱ्या डॉक्टरांना सरकार पैसे देऊ लागलं. दंतवैद्यही त्यात होते. मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, वाटेनं गेल्यास पहिल्या वर्षी २१,२५० डॉलर, पुढची पाच वर्षं ८,५०० प्रमाणं, एकूण ६३,७५०. अट अशी, की पेशंटपैकी साधारण ३० टक्के मेडिकेडचे हवेत. पहिल्या वर्षाला तर वापर दाखवायचीही गरज नव्हती, प्रमाणित सॉफ्टवेअर घेतलं किंवा अद्ययावत केलं एवढं पुरे. पुढच्या वर्षांत मात्र मोजमापं आली, आणि ती फिजिशियन डोळ्यांपुढं ठेवून केलेली. उंची, वजन, रक्तदाब, लसीकरणाच्या नोंदी. दात काढायला आलेल्या माणसाची उंची कशाला, असं म्हणणाऱ्याला सूट मिळायची सोय होती, पण सूट मागायलाही फॉर्म भरावा लागे. दातांची बरीच सॉफ्टवेअर त्या प्रमाणपत्राच्या वाटेला गेलीच नाहीत, कारण दातांचा नकाशा उत्तम असला तरी त्याला तिथं गुण नव्हते आणि लसीकरणाच्या खिडकीला होते. ती योजना २०२१ अखेर संपली. आजोबांचा कागद ज्या देशातून आला, तिथंसुद्धा त्या कागदावर 'ही आमची एक ते बत्तीसची पद्धत' एवढं छापलेलं नव्हतं. प्रमाणपत्र कुलूप तपासतं, किल्ली तपासतं. खणात काय ठेवलंय हे ठेवणाऱ्यावरच राहतं.

आपल्याकडची घडण वेगळी. २०१६ च्या सुधारित ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद) मानकांनी दिशा दाखवली, पण खरी हालचाल आयुष्मान भारत डिजिटल मिशननं, म्हणजे एबीडीएमनं, झाली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ते देशभर सुरू झालं. इथं सॉफ्टवेअर आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जागेत, चालवून दाखवावं लागतं. टप्पे तीन: पेशंटचा आभा क्रमांक, म्हणजे त्याच्या आरोग्य खात्याचा नंबर, तयार करता आणि जोडता येणं, आपल्याकडची नोंद दुसऱ्याला देता येणं, आणि दुसऱ्याकडची नोंद संमतीनं मागवता येणं. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षेची तपासणी. म्हणून विक्रेता 'आम्ही एबीडीएमशी जोडलेले आहोत' म्हणाला की लगेच विचारावं, कुठल्या टप्प्यापर्यंत? पहिल्याच टप्प्यावर थांबलेलं सॉफ्टवेअर आभा क्रमांक छान छापून देईल, नोंद मात्र इंचभरही हलणार नाही. डॉक्टरच्या बाजूनंही दोन कामं असतात. स्वतःची नोंद व्यावसायिकांच्या रजिस्ट्रीत, तिला राज्य दंत परिषदेचं नोंदणीपत्र लागतं, आणि दवाखान्याची नोंद आरोग्यसंस्थांच्या रजिस्ट्रीत. नोंदणीपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला की अर्ज तिथंच अडकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरणींना हे जास्त भोवतं.

एक गैरसमज मात्र फार पसरलाय. 'आता सगळं सरकारच्या कॉम्प्युटरवर आहे, आपलं गेलं तरी बिघडत नाही.' तसं नाही. नोंद जिथं झाली तिथंच राहते, दवाखान्याच्या किंवा त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर. मधल्या जाळ्यात फक्त पत्ता असतो. अमुक पेशंटची अमुक तारखेची नोंद अमुक ठिकाणी आहे, एवढंच. कुणी मागितली तर पेशंटच्या मोबाइलवर विचारणा जाते, तो कुठल्या नोंदी, किती काळासाठी ते ठरवतो, मग ती थेट तिकडून येते. त्यामुळं दवाखान्याचा डेटा बुडाला तर पत्ता शाबूत आणि घर वाहून गेलेलं, असा प्रकार. नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आजोबांचा आभा त्या दिवशी झालाच नाही. चौदा आकडी तो क्रमांक आधारच्या ओटीपीवर निघतो, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर मुलाच्या फोनमध्ये, फोन मुलाजवळ, मुलगा अमेरिकेत, आणि सांगलीत साडेअकरा म्हणजे तिकडं झोपेची वेळ. गावाकडच्या घरात हे नेहमीचं: चार माणसांत एक नंबर, तोही पुण्याला शिकणाऱ्या नातवाचा. बोटाच्या ठशावरही काम होतं, पण त्याला यंत्र लागतं, आणि आयुष्य द्राक्षाच्या छाटणीत गेलेल्या माणसाच्या बोटांवर ठसा शोधणं हे दुसरंच प्रकरण. आभा नसला म्हणून उपचार अडवता येत नाहीत, तो ऐच्छिक आहे, हे काउंटरवर ठळक लिहून लावलेलं बरं. नाहीतर मागं रांग वाढते आणि मुलगी ओटीपीची वाट बघत बसते. जन्मतारखेचं तर विचारूच नये. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेल्या १ जूननं एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला घातली. आडनाव पाटील आणि जन्म १ जून एवढ्यावर शोध घेतला तर पडद्यावर अर्धा तालुका उतरतो. गावाचं नाव आणि वडिलांचं नाव हे दोन रकाने सक्तीचे ठेवावेत, दोनाचा एक पेशंट होणं किंवा एकाचे दोन होणं त्यानंच टळतं.

या सगळ्या खटाटोपाची खरी गरज कुणाला आहे, असं विचारलं तर डोळ्यांपुढं विट्याकडचे, खानापूर-आटपाडीकडचे गलाई लोक येतात. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली माणसं. कोईमतूरला दुकान, घर इकडं. यात्रेला येतात, लग्नसराईला येतात, आणि आठ दिवसांच्या सुट्टीत दाढ ठणकू लागते. पहिल्या बैठकीत डॉक्टर दाढ उघडतात, नसा काढतात, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात, वर तात्पुरतं सिमेंट. पुढची तारीख पडायच्या आत माणूस कोईमतूरला पोहोचलेला. ते तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचं सोबती, मग कडेनं झिरपू लागतं. तिकडचा डॉक्टर दाढ उघडतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं? 'आर.सी.टी. चालू, ३६', म्हणजे ३६ नंबरच्या दाढेचं रूट कॅनल चालू, एवढं. त्याला हवं असतं ते वेगळंच. मुळांतल्या किती नळ्या, म्हणजे कॅनॉल, सापडले, तीन की चार. प्रत्येकाची लांबी किती मिलिमीटर आणि ती कुठल्या टोकापासून मोजली, कारण टोक झिजवलं असेल तर आकडा निरर्थक. कॅनॉल साफ करायची सुईसारखी फाइल शेवटी किती नंबरची नेली. आत काय भरलं, कधी. आणि फाइलचा तुकडा आत मोडून राहिला असेल तर तोही. हे शेवटचं लिहायला हात आखडतो, हे मान्य. पण एक्स-रेत तो तुकडा दिसणारच असतो. लिहिलेला असला तर पुढचा डॉक्टर म्हणतो, बरं, सांगितलं तरी होतं. ही नोंद टंकायला दीड मिनिट लागतं. इम्प्लांटचं तर एका स्टिकरवर भागतं. डबीवर कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर छापलेलं स्टिकर येतं, त्याचा फोटो नोंदीत टाकला की झालं. टाकला नाही तर आठ-दहा वर्षांनी स्क्रू ढिला होतो, परगावचा डॉक्टर एकामागून एक ड्रायव्हर लावून बघतो आणि एकही बसत नाही.

मिरज हाकेच्या अंतरावर. मिशनचं इस्पितळ काढणाऱ्या वानलेस साहेबांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनंही पेशंट येतात. तिथल्या हाडांच्या डॉक्टरनं एखाद्या आजींना वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलेलं असतं. त्या सांगलीत दाढ काढायला येतात. फॉर्मवर प्रश्न असतो, 'गोळ्या चालू आहेत का?' आजी प्रामाणिकपणं म्हणतात, "न्हाई बाई, काय बी न्हाई." खरंच आहे, गोळी कुठली नाहीच. आणि या औषधानंतर दाढ काढली तर काहींच्या जबड्याची जखम महिनोन् महिने भरत नाही, आतलं हाड उघडं पडून मरतं. धोका थोड्यांना असतो, पण ज्यांना होतो त्यांचे हाल बघवत नाहीत. नोंदी दोन गावांमध्ये एकमेकींना भेटायला हव्यात त्या अशा ठिकाणी. त्या भेटेपर्यंत निदान फॉर्मवरचा प्रश्न बदलावा: 'हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन, सलाईन घेतलंय का?' रक्त पातळ करणाऱ्या औषधाबद्दलही 'हृदयाची बारीक गोळी' असं विचारलं की उत्तर येतं, औषधाचं नाव घेतलं की येत नाही.

प्रश्न बाहेरून आलेले असतात, हे सगळ्यात जास्त जाणवतं ते तंबाखूच्या रकान्यात. 'धूम्रपान: होय / नाही.' सांगली-साताऱ्याच्या खेड्यातल्या बाईला हे विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसते. मग संध्याकाळी नि सकाळी तव्यावर भाजून वाटलेली मशेरी दातांवर घासते, ती थुंकायच्या आधी दहा मिनिटं ओठाआड ठेवते, हे कुठल्या चौकटीत भरायचं? भरलं जातं 'नाही' मध्ये. आणि याहून घातक दुसरी गोष्ट. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये तोंडाच्या आतल्या त्वचेची तपासणी हा भाग आधीच 'नॉर्मल' भरून येतो, वेळ वाचावा म्हणून. गाल नॉर्मल, जीभ नॉर्मल, तोंडाचा तळ नॉर्मल. डॉक्टर दाढेच्या गडबडीत पुढं जातात. खालच्या ओठाआड, जिथं मशेरी धरली जाते तिथंच, नखाएवढा पांढरट, सुरकुतलेला चट्टा असतो. दोन वर्षांनी त्या जागी घट्ट गाठ लागते आणि मागची नोंद उघडली की तीन भेटी ओळीनं 'नॉर्मल'. कागदाच्या केस पेपरवर निदान ती जागा कोरी असायची. कोरी जागा खोटं बोलत नाही. सॉफ्टवेअर घेताना पहिल्या दिवशी ही आपोआप भरणारी उत्तरं बंद करून घ्यावीत, मशेरी, गुटखा, मावा असे रकाने वाढवून घ्यावेत, आणि गुटखा खाणाऱ्याचं तोंड किती उघडतं ते दर भेटीला पट्टीनं वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमध्ये मिलिमीटरमध्ये मोजून लिहावं. ३८, मग ३४, मग २९. ही तीन आकड्यांची उतरण कुठल्याही लांबलचक वर्णनापेक्षा लवकर कळते, पेशंटलासुद्धा.

सुरुवात करणारे बहुतेक जण दमतात ते जुने केस पेपर चढवण्यात. वीस वर्षांचे कागद आणि एक उन्हाळी सुट्टीतला मुलगा. हे करू नये. एक तारीख ठरवावी, त्या तारखेनंतर जो पेशंट येईल त्याचंच तोंड नव्यानं नकाशात उतरवावं: कुठले दात नाहीत, कुठल्या दाताला कॅप, कुठं रूट कॅनल, कुठं इम्प्लांट, ॲलर्जी कशाची, औषधं काय. आठ-दहा मिनिटांचं काम. जुना कागद फक्त स्कॅन करून मागं जोडावा. डॉक्टरनं हातमोजे घालून कीबोर्डला हात लावू नये, त्यानं बोलावं आणि असिस्टंटनं टंकावं, आणि टंकलेलं मोठ्यानं परत वाचावं. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. एकच पासवर्ड नि तोही मॉनिटरला चिकटवलेला, ही जवळपास सगळीकडची परंपरा आहे, आणि वाद कोर्टात गेला की नोंद नक्की कुणी केली हे त्या एका चिठ्ठीमुळं सिद्ध होत नाही. पैसे द्यायच्या आधी विक्रेत्यासमोर बसून पाच पेशंट बाहेर काढायला सांगावेत, एक्स-रेसकट, दुसरं सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा रूपात. एफएचआयआर (आरोग्य नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला साचा), डायकॉम हे शब्द त्याच्या तोंडून यायला हवेत. 'एक्सेल देतो की' म्हणाला तर दातांचा नकाशा अडकला असं समजावं. वार्षिक करार संपला की नोंदी निदान वाचता येतात की पडदाच बंद होतो, हेही लेखी घ्यावं. ओपीडी सल्ला, प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल असे साचे मिशननं ठरवून दिलेत, दातांच्या नकाशाचा असा वेगळा साचा त्यांत नाही. त्यामुळं बऱ्याचदा नकाशा पीडीएफ होऊन जातो आणि पीडीएफमधला १८ हा कागदावरच्या १८ इतकाच मुका. स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कोशाच्या कोडमध्ये प्रत्येक दाताला स्वतःची ओळख आहे, 'खालची डावी दुसरी दाढ' म्हणजे तीच, मोजणारा कुठल्याही देशातला असो. हे कोड भारतात फुकट मिळतात, ते काम बघणारं केंद्र पुण्यात सी-डॅकमध्येच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी आकड्यामागं तो कोड बसवायचा, एवढंच.

डॉक्टरांनी त्या दिवशी आकड्याचा वाद घातला नाही. आरशाच्या दांड्यानं खालच्या डाव्या दाढांवर हलकेच टकटक केलं. तीन-सहावर आजोबा शांत. तीन-सातवर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. एक्स-रे घेतला, मुळाशी करवंदाएवढी नाही पण मिरीएवढी सावली. मुलीनं नकाशात ३७ लाल केली. १८ वरचं रूट कॅनल खोडायला गेली तर खोडलं जाईना, आणि सॉफ्टवेअर तिथं तरी शहाणं निघालं. नोंद पुसली गेली नाही, तिच्यावर रेघ आली, शेजारी वेळ आणि मुलीचं नाव. मग १८ ला 'दात नाही, पेशंटच्या सांगण्यावरून, तारीख माहीत नाही' असं लागलं. एवढ्यात आजोबांनी तो अमेरिकेचा कागद परत मागितला. मुलीनं देण्याआधी पेन काढलं, छापील १८ ला गोल केला, बाण ओढला नि मराठीत लिहिलं: आपल्याकडं ३७, खालची डावी, मागून दुसरी. मग जरा थांबून 'मागून दुसरी' खोडलं. खालच्या डाव्या बाजूची अक्कलदाढ कधी आलीच नव्हती, तीन-सात सगळ्यात शेवटची होती. आजोबांनी घडी घातली, एसटीच्या कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद सारला, आणि विचारलं, "रातच्याला पोरगा फोन करंल. त्याला काय सांगू, अठरा का सदतीस?"